सत्तरीनंतर हाडातली सुई कशासाठी?

साशंक: लोहारा तालुक्यातला बाहत्तर वर्षांचा एखादा शेतकरी समोर बसलाय असं धरा. दोन महिने थकवा आहे. बांधापर्यंत जाऊन आला की टेकावं लागतं. पायांवर निळे-काळे डाग, हिरड्यांतून रक्त, मधूनच ताप. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा, पांढऱ्या पेशी दीड हजार, प्लेटलेट वीस हजार. तुमच्यासारखी मंडळी लगेच म्हणणार, याला लातूरला नाहीतर सोलापूरला न्या, कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढा. मी विचारतो, काढून करणार काय? समजा, निघालाच रक्ताचा कॅन्सर, आणि तोही तुम्ही सांगता तो विरळ मज्जेचा. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) मुळातच कमी आढळणारा, त्यातही साधारण दहातल्या एकाचीच मज्जा अशी रिकामी असते. एवढं दुर्मिळ नाव शोधायला म्हाताऱ्याच्या हाडात सुई घालायची, पोरांना चार खेपा घालायला लावायच्या आणि शेवटी सांगायचं, ‘वय झालंय, घरी न्या.’ मग आधीच दोन पिशव्या रक्त चढवून घरी का ठेवू नये?

आग्रही: आजार दुर्मिळ असेल, पण तुम्ही सांगितलेलं रक्त दुर्मिळ नाही. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली गेलेला रिपोर्ट आपल्या भागात नेहमी हातात पडतो. त्यामागं कधी बी-बाराची कमतरता असते, आणि शाकाहारी म्हाताऱ्या माणसांत ती भरपूर असते. कधी डेंग्यू, कधी क्षयरोग, कधी यकृताचा आजार. कधी मज्जेनं पेशी तयार करणंच सोडलेलं असतं, म्हणजे अप्लास्टिक ॲनिमिया. आणि कधी हा कॅन्सर. यांची औषधं एकमेकांच्या उलट जातात. बी-बाराचं इंजेक्शन काही रुपयांत मिळतं आणि माणूस खडखडीत बरा होतो. अप्लास्टिकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती औषधानं दाबावी लागते. ल्युकेमियात दाबून चालत नाही, तिथं बिघडलेल्या पेशी मारायच्या असतात. तुम्ही ज्याला घरी ठेवा म्हणता तो यांतला कोणता, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आणि विरळ मज्जेचा ल्युकेमिया नेमका इथंच निसटतो. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की आपल्या मनात चित्र ठरलेलं असतं: पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात, पानथरी सुजलेली, गाठी आलेल्या. इथं यातलं काहीच नसतं. पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या, पानथरी हाताला लागत नाही, रक्तात बिघडलेल्या पेशी औषधापुरत्या. मग ‘पेशी वाढल्या नाहीत ना, मग कॅन्सर नाही’ असं म्हणून माणूस परत पाठवला जातो. पुढच्या खेपेला कुणीतरी पेशी वाढवायला म्हणून स्टेरॉइड सुरू करतं. ल्युकेमियाच्या दुसऱ्या प्रकारात, लिंफोब्लास्टिकमध्ये, त्या स्टेरॉइडनं आजार काही दिवस झाकला जातो आणि नंतर केलेली तपासणीसुद्धा फसते.

साशंक: बी-बाराचं मान्य. पण त्यासाठी हाडात सुई कशाला? इंजेक्शन द्या आणि आठवडाभर थांबा. कमतरता असेल तर तेवढ्यात नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागतात. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून जाणत्या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या. ही दोन कामं लोहाऱ्यात, उमरग्यात होतात. मशीननं छापलेले आकडे खरे धरायचे आणि काच कुणी बघायचीच नाही, ही आपली खरी अडचण आहे. त्या अडचणीवर मोठ्या शहरातली सुई हा उतारा नव्हे.

शिवाय ‘विरळ मज्जा’ म्हणजे नक्की किती विरळ? वय वाढतं तशी मज्जेची जागा चरबी घेते. ढोबळ हिशेब असा की शंभरातून वय वजा केलं की उरेल तितके टक्के पेशी. सत्तरीत हे तीस टक्के झाले, ऐंशीत वीस. आणि तुमची व्याख्या म्हणते, वीस टक्क्यांच्या आत आलं की विरळ. म्हणजे ज्याची मज्जा वयामुळंच तीसवर आलीय, त्याला आणि त्या रेषेला फार अंतर उरत नाही. त्यात हाडाच्या वरच्या थराखाली मज्जा तशीही चरबीनं भरलेली असते. सुई पुरती आत गेली नाही तर कुणाचीही मज्जा रिकामी दिसेल. तुम्ही ज्याला आजाराचा प्रकार म्हणता, तो बऱ्याचदा अर्धवट काढलेल्या तुकड्यातून तयार झालेला असू शकतो.

आग्रही: म्हणून तर तो तुकडा नीट काढावा लागतो. रुग्ण कुशीवर झोपतो, गुडघे पोटाशी. पाठीमागं कमरेच्या हाडाचं जे टोक बोटाला लागतं, तिथली कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतात. पहिल्या सुईनं मज्जेचं पाणी ओढतात. ओढताना क्षणभर जी कळ येते तिच्यावर बधिराचं इंजेक्शन फारसं चालत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. ते पाणी गोठायच्या आत काचेवर पसरायचं. मज्जा विरळ असली की या पाण्यात रक्तच जास्त येतं, कधी काहीच येत नाही. इथं थांबलात तर तुमचा आक्षेप सोळा आणे खरा. म्हणून दुसरी, जाड सुई फिरवत आत नेऊन हाडाचा बारीक दंडगोल काढायचा, निदान दीड सेंटिमीटरचा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी हलकेच काचेवर टेकवायचा. पाणी आलं नसेल तरी त्या ठशावर पेशी मिळतात. मग हाडातला चुना काढून, मेणात बसवून, पातळ काप घेऊन रंगवायचा. अपरिपक्व पेशींना धरणारा सीडी-थर्टीफोर हा रंग लावला की अप्लास्टिक आणि ल्युकेमिया वेगळे पडतात. प्लेटलेट कमी आहेत म्हणून ही तपासणी टळत नाही, जागा जास्त वेळ दाबून धरावी लागते इतकंच.

टक्क्यांचंही तसंच. मज्जेतल्या पेशींपैकी वीस टक्के किंवा जास्त पेशी अपरिपक्व असल्या की एएमएल म्हणतात. पेशींपैकी, जागेपैकी नव्हे. सोयाबीन विरळ उगवलेल्या रानाकडे सडकेवरून बघा. रान मोकळं दिसतं. आत उतरून रोपं मोजली की कळतं, जेवढी आहेत त्यातली तिसरा हिस्सा तण आहे. लांबून बघणारा म्हणेल उगवण कमी झाली, आणि खत टाकेल. विरळ मज्जेत नेमकं हेच होतं. एकूण पेशी थोड्या, पण त्या थोड्यांत बिघडलेल्या पुष्कळ.

साशंक: तुमचंच रान घेतो. तणनाशक मारलं तर ते तणावर थांबत नाही, शेजारचं रोपही करपतं. भरगच्च रानात चार रोपं गेली तरी पीक उरतं. इथं मुळात रोपंच मोजकी. म्हणून तर जुने डॉक्टर या प्रकाराला हात लावताना घाबरायचे. वाट बघा, रक्त द्या, ताप आला तर प्रतिजैविकं द्या, फार तर अगदी हलक्या डोसचं औषध. काही रुग्णांत हा आजार महिनोन्महिने रेंगाळतो, हेही त्यांनी बघितलेलं होतं. आता तुम्ही म्हणता, नाव कळलं की औषध आहे. १९७० च्या दशकापासून चालत आलेलं सात दिवस एक आणि तीन दिवस दुसरं औषध, ते तर या वयात तुम्हीही देणार नाही. मग उरतं काय?

आग्रही: उरतं ते कमी नाही. ब्रिटनमध्ये याच वयाच्या, जोरदार उपचार न झेपणाऱ्या रुग्णांना एका बाजूला हलक्या डोसचं सायटाराबिन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या देऊन बघितलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला: सायटाराबिनवर १८ टक्के रुग्णांचा आजार मागे हटला, गोळ्यांवर १ टक्का. हे सायटाराबिन कातडीखाली टोचायचं इंजेक्शन आहे, दिवसातून दोनदा, दहा दिवस. मधुमेहाचं इन्सुलिन टोचणाऱ्या घराला त्यात नवल वाटणार नाही. पुढं ॲझासिटिडिन आलं, महिन्यातून सात दिवस. मग व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४३१ रुग्ण होते, त्यांचं मध्यम वय ७६. नुसत्या ॲझासिटिडिनवर मध्यम आयुष्य ९.६ महिने, दोन्ही औषधं मिळून १४.७ महिने. आजार मागे हटण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ६६ वर गेलं.

आणि विरळ मज्जेची भीती कितपत खरी, हेही तपासलं गेलंय. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रानं २०१२ मध्ये अशा १२३ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांची वयं जास्त होती, पांढऱ्या पेशी कमी होत्या. पण उपचारांना मिळालेला प्रतिसाद आणि नंतरचं आयुष्य, भरगच्च मज्जेच्या रुग्णांपेक्षा वाईट निघालं नाही. मज्जा रिकामी दिसते एवढ्यावरून माणसाला उपचारातून वगळायला आधार उरत नाही.

साशंक: ह्यूस्टनपर्यंत पोचलेले १२३. न पोचलेल्यांचा हिशेब कुणी मांडला? त्या ४३१ जणांच्या चाचणीचा दुसरा आकडा सांगा ना. दोन औषधं घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के जणांना पेशी तळाला गेलेल्या असताना ताप आला. नुसत्या एका औषधावर १९ टक्के. असा ताप म्हणजे तासांचा खेळ. चाचणीतल्या रुग्णाला फोन करायचा नंबर असतो, दारात गाडी असते. माकणीच्या किंवा जेवळीच्या म्हाताऱ्याला रात्री दोनला ताप चढला तर? मुलगा उजाडायची वाट बघणार, घरातली तापाची गोळी देणार. सकाळी गाडी सांगेल, दुपारी पोचेल. तोवर रक्तदाब उतरलेला. प्लेटलेट हव्या असतील तर त्या तांबड्या रक्तासारख्या महिनाभर फ्रिजमध्ये राहत नाहीत. सामान्य तापमानाला हलत्या तबकावर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात. तालुक्याच्या गावात त्या आयत्या मिळण्याची आशा धरू नका. १४.७ वजा ९.६ म्हणजे पाच महिने. त्यातले किती दिवस गाडीत, किती खाटेवर, किती रांगेत? अमृत ज्येष्ठ योजनेत पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पासष्टनंतर अर्धं तिकीट. पण ज्याच्या अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी उरल्या नाहीत त्याला भरलेल्या एसटीत बसवायचं?

आग्रही: पाच महिने तुम्ही वेगळे काढून मोजता, पण ते कसे जातात तेही मोजा. त्याच चाचणीत दोन औषधांवरच्या ६० टक्के लोकांना काही काळ तांबडं रक्त चढवावंच लागलं नाही. दुसऱ्या बाजूला हे प्रमाण ३५ टक्के. तुम्ही ज्याला ‘घरी ठेवा, रक्त द्या’ म्हणता, तो माणूस घरी राहतच नाही. आठवड्याला रक्तासाठी फिरत राहतो, प्लेटलेटसाठी नातेवाइकांना रक्तदाते गोळा करायला लावतो. पांढऱ्या पेशी वाढलेल्या ल्युकेमियात निदान हायड्रॉक्सीयुरियाच्या स्वस्त गोळीनं पेशी आवरता येतात. इथं आवरायला काही नसतं. उपचार न करणं म्हणजे विश्रांती, हा समज या आजारापुरता तरी खोटा आहे.

खेपांवर उपाय आहे. सुई आणि निदान एकदाच, मोठ्या ठिकाणी. पुढची इंजेक्शनं आणि रक्ततपासणी तालुक्याला. ॲझासिटिडिन विरघळवलं की फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून ते जिथं टोचायचं तिथंच तयार करायला परिचारिकेला शिकवावं लागेल. व्हेनेटोक्लॅक्सचा नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम. पण पोसाकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध सोबत असेल तर तो १०० किंवा त्याहून खाली आणावाच लागतो. म्हणजे बुरशीपासून बचाव होतो आणि महागड्या गोळ्याही कमी लागतात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. महात्मा फुले योजना आहे.

साशंक: योजनेचं कार्ड खिशात असणं आणि मंगळवारी सुरू करायचं औषध मंगळवारी हातात पडणं यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, मंजुरी असते, पॅकेज असतं, आणि पॅकेजमध्ये न बसणाऱ्या तपासण्या असतात. दवाखान्याचं बिल भरलं गेलं तरी सोबत आलेल्या मुलाची बुडालेली काढणी कुणी भरत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात गेलेल्या कुटुंबांना विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली ते नशीबवान, बाकीचे टाटाबाहेरच्या फुटपाथवर.

आणि मला आणखी मोठा प्रश्न पडतो. एवढा पैसा, एवढी मेहनत एका म्हाताऱ्यामागं लावायची, तीच दुसरीकडं लावली तर? याच जिल्ह्यात त्याचं उत्तर मिळालेलं आहे. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं, टाटा रुग्णालय आणि लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेसोबत, उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, तर त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगाचं धोरण त्यावर हललं. एका तपासणीत एवढे जीव. तुम्ही त्याच जिल्ह्यात पाच महिन्यांसाठी मज्जेच्या सुया मागताय.

आग्रही: ते उदाहरण तुम्ही काढलंत हे बरं झालं, कारण त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, ते काम मोठ्या डॉक्टरांनी केलं नाही, प्रशिक्षित नर्सबाईंनी गावात जाऊन केलं. म्हणजे या मातीत अवघड काम शिकवता येतं. दुसरी, त्यातल्या एका गटाला, ३१ हजारांहून जास्त बायकांना, तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं होतं, आणि त्यावरून पुढं परदेशातल्या डॉक्टरांनीही बोट ठेवलं. जिल्ह्यानं जगाला पुरावा दिला, बदल्यात जिल्ह्याला काय मिळालं, हा प्रश्न तुमच्या बाजूचा की माझ्या? तिसरी, साठीची बाई त्यात बसतच नव्हती. त्या चाचणीपुरतं ते योग्यच होतं. पण आपल्या मनात ती रेघ सगळीकडं ओढली गेलीय: साठीपुढचं माणूस मोजायचं नाही.

मोजायचंच बोलू. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून आहे, त्यात आपल्या जिल्ह्याचे परंडा आणि भूम तालुके होते. नंतर उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांची नोंदणी आली. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत सगळ्यात कमी कॅन्सर या दोन जिल्ह्यांत निघाला: वयाचा फरक काढून दर लाख पुरुषांमागं ३९.५, बायकांमागं ४९.४. मिझोरामच्या ऐजॉलमध्ये पुरुषांचा आकडा २६९.४. हवा चांगली म्हणून समाधान मानायचं का?

साशंक: काही अंशी मानायला हरकत नाही. खेड्यात कॅन्सर शहरापेक्षा कमीच असतो. खाणं, राहणी, तंबाखूची तऱ्हा, सगळंच वेगळं. ऐजॉलशी तुलना करून आपल्याकडं सातपट लपलाय असं म्हणणं म्हणजे अतिरेक. आणि बार्शीची मंडळी गावोगाव फिरून नोंदी करतात, दवाखान्यात बसून कागद गोळा करत नाहीत. त्यांच्या कामावर असा संशय घेऊ नका.

आग्रही: त्यांच्या कामावर संशय नाहीच. पण नोंदणी करणारा गावात जाऊन विचारतो तेव्हा त्याला गाठ सापडते, तोंडातली जखम सापडते, बाईचा अंगावरून जाणारा रक्तस्राव सापडतो. मज्जेचा आजार अंगावर दिसत नाही. ज्याच्या हाडात कधी सुई गेली नाही, त्याचा ल्युकेमिया कोणत्याच वहीत चढू शकत नाही. घरचे सांगणार, ‘आबा अशक्तपणानं गेले’, ‘डेंग्यूत पेशी कमी झाल्या’. ३९.५ मधला किती भाग खरा कमी कॅन्सर आणि किती भाग न झालेलं निदान, हे म्हाताऱ्यांच्या रक्ताच्या आजारांपुरतं तरी कुणी सुईविना सांगू शकणार नाही. तुम्ही म्हणता आजार दुर्मिळ, म्हणून तपासू नका. न तपासल्यावर तो दुर्मिळच राहणार.

साशंक: हा मुद्दा मला लागला. पण बघा, तो तुम्ही जिल्ह्यासाठी मांडलात, वहीसाठी मांडलात. त्या बाहत्तरच्या माणसानं वही पूर्ण करायला कळ का सोसावी? त्याला काय मिळतं ते सांगा.

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं वेल्समध्ये गेल्या. घरात हवा तेवढा पैसा. पण त्या काळी पैशानं विकत घ्यायला औषधच नव्हतं. त्यांच्या नावानं १९३२ मध्ये संशोधनाचा न्यास उभा राहिला, १९४१ मध्ये परळचं रुग्णालय. तेव्हा टाटांच्या घरातला आणि लोहाऱ्यातला रुग्ण या आजारापुढं सारखाच होता. आज तसं नाही. औषध आहे, अर्धंमुर्धं आहे, महाग आहे, लांब आहे. म्हणूनच ‘घ्यायचं की नाही’ हा प्रश्न तयार झाला, आणि तो ज्याला विचारायचा त्याला आपण विचारतच नाही. मुलगा दारातच अडवतो: ‘डॉक्टर, बापाला कॅन्सर शब्द बोलू नका, खचून जाईल.’ मग सुईसाठी सही मुलाची, औषधासाठी सही मुलाची, थांबायचं ठरलं तर तेही मुलाचं. तुमची सगळी आकडेवारी मुलाच्या पदरात पडते. आजार मात्र बापाचा.

आग्रही: यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण याच कारणासाठी मला सुई हवी. नाव माहीत नसेल तर मुलानं लपवायचं काय आणि बापाला विचारायचं काय? निदान झाल्यावर ‘मला हे नको, मला गावात राहू द्या’ असं म्हाताऱ्यानं म्हटलं तर तो त्याचा निर्णय. निदानाविना घरी ठेवलं तर तो निर्णय आपला, आणि त्याला आपण नशीब असं नाव देतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. अखेरीस कोणते उपचार नकोत हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. पण लिहायला आधी माहिती लागते.

साशंक: मग निदान क्रम तरी बदला. आधी रक्ताची काच जाणत्याकडून बघून घ्या. त्यातच बिघडलेल्या पेशी दिसल्या तर पुष्कळदा रक्तावरच पुढच्या तपासण्या होतात, हाडापर्यंत जावं लागत नाही. बी-बारा द्या आणि आठवडा बघा, पण रक्त वाहत असेल, ताप चढत असेल तर तो आठवडाही घालवू नका. जो अंथरुणातून उठत नाही, ज्याच्या बाबतीत उत्तर काहीही आलं तरी काही बदलणार नाही, त्याला सुई नको. त्याला रक्त, वेदनाशामक आणि घरी येणारी नर्स द्या. आणि जो उठतो, फिरतो, त्याला सुईच्या आधी त्याच्याच तोंडून विचारा: उत्तर वाईट आलं तर ऐकायचंय का? त्याचा ‘हो’ असेल तर मी स्वतः गाडी सांगीन.

आग्रही: हे मला मान्य आहे. म्हणजे आपलं भांडण सुईवर नव्हतंच. निदान आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याची हमी लागत नाही, इतपत तरी आपण आलो.

साशंक: नाही, मी एवढ्यावर सोडत नाही. समजा तो ‘हो’ म्हणाला, निदान झालं, औषधालाही ‘हो’ म्हणाला. पहिल्या महिन्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. औषध आधी पेशी आणखी खाली नेतं. त्रास पहिल्यांदा, फायदा नंतर, आणि फायदा झाला का हे त्रास सोसून झाल्यावरच कळणार. ज्यानं अजून सोसलं नाही त्याचा ‘हो’ किती जाणता? आणि विरळ मज्जेत तर गोष्ट आणखी गुंतते. महिना संपताना पेशी तळाला आहेत. त्या औषधानं काम केलं म्हणून तळाला आहेत, की आजार तसाच आहे म्हणून? भरगच्च मज्जेच्या रुग्णाची मज्जा औषधानंतर रिकामी दिसली तर तुम्ही म्हणता, काहीतरी घडलं. याची आधीही रिकामी, आताही रिकामी. रक्ताच्या रिपोर्टावरून तुम्हाला सांगता येणार नाही.

आग्रही: नाही येणार. पहिली फेरी संपताना पुन्हा तुकडा काढावा लागेल. राहिलेल्या थोड्या पेशींत बिघडलेल्या किती, हे तो तुकडाच सांगेल. त्यावर ठरतं, औषध चालू ठेवायचं, थोडं थांबून मज्जेला सावरू द्यायचं, की सोडून द्यायचं.

साशंक: म्हणजे दुसरी सुई. आणि ती घालायची वेळ येईल तेव्हा माणूस सगळ्यात थकलेला असणार, तोंड आलेलं असणार, घरची आठवण काढत असणार. तो म्हणाला, ‘आता पुरे, काही टोचू नका’, तर तो नकार आजाराचा, औषधाचा, की त्याचा? ऐकलात तर कदाचित उतार पडायच्या दोन आठवडे आधी हात काढून घेतलात. नाही ऐकलात तर ज्याला विचारायचं म्हणून एवढं केलं, त्याचंच ऐकलं नाही.

आग्रही: म्हणून पहिल्या सुईच्या वेळीच दुसरीबद्दल विचारून ठेवायचं, आणि कुठवर जायचं ते लिहून घ्यायचं.

साशंक: बांधावर बसून दिलेला शब्द खाटेवर पडल्यावर त्याला बांधून ठेवायला वापरायचा? इच्छापत्र ‘नको’साठी असतं हे मला समजतं. ‘मी नको म्हटलं तरी थांबू नका’ असं लिहून घ्यायला तुमचं पेन उचलेल?

आग्रही: सहज नाही उचलणार. पण तो असं लिहून द्यायला तयार असेल, तर ते न घेणंही मला सोपं वाटत नाही.